फाईल ऑफिसबाहेर जात नाही!

ज्या वकीलसाहेबांकडे मी चार वर्षं ज्युनिअर होते, त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: 'फाईल ऑफिसबाहेर जात नाही.' दिवसातून दोनदा तरी ते कानावर पडायचंच. संध्याकाळी साडेसातला एखादी ज्युनिअर चाचरत म्हणे, "साहेब, कैफियत घरी बसून पुरी करते, उद्या सकाळी आणते." साहेब चष्म्यावरून बघत. मग अशिलाचा विश्वास, काळ्या कोटाचं पावित्र्य, सनदेची जबाबदारी असं अर्धा तास. तेवढ्या वेळात निम्मी कैफियत लिहून झाली असती. ज्युनिअर मुकाट्याने खुर्चीत बसे आणि रात्री दहाला, शेवटची बस गेल्यावर, भावाला फोन करून बोलावून घेई.

आता ती फाईल खरोखर कुठे कुठे जायची ते सांगते. सकाळी अण्णांच्या, म्हणजे आमच्या कारकुनाच्या, स्कूटरच्या डिकीतून कोर्टात. दुपारी झेरॉक्सच्या दुकानात. तिथे तासभर काउंटरवर उघडी पडलेली, कारण पुढे बारावीच्या पोरांची नोट्ससाठी रांग. टायपिंगवाल्याच्या संगणकावर तिची एक प्रत, त्याच्या पेनड्राइव्हवर दुसरी, आणि त्याचा प्रिंटर रुसला की शेजारच्या दुकानाच्या जीमेलवर तिसरी. हायकोर्टाचं काम असलं की महालक्ष्मी एक्सप्रेसच्या बर्थखाली, चपलांच्या शेजारी, सांगली ते मुंबई. म्हणजे फाईल सगळीकडे जात होती. जात नव्हती ती फक्त ज्युनिअरच्या घरी.

ऑगस्ट २०१९ मध्ये तर फायली ऑफिसबाहेर न जाताच संपल्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. ऑफिस तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा लोखंडी कपाट जागच्या जागी होतं, कुलूप लागलेलं, किल्ली साहेबांच्या कमरेला. आत लगदा. वाटपाचे दावे, खरेदीखतं, सातबाराचे जुने उतारे, एका म्हातारीचं मृत्युपत्र, सगळ्यांचा मिळून एकच एकत्र कुटुंबाचा काला झालेला. आम्ही दोऱ्या बांधून कागद वाळत घातले, काहींवरून इस्त्री फिरवली. इस्त्री फिरवल्यावर शाईही उडते, हे ज्ञान मला तिथे मिळालं. गोपनीयता मात्र शंभर टक्के पाळली गेली होती. ते कागद पुन्हा कोणालाच वाचता येणार नव्हते.

साहेबांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. माणूस कायद्याचा पक्का होता, दिवाणी प्रक्रिया संहिता तोंडपाठ. मी लिहिते आहे ती त्यांच्या त्या वाक्याबद्दल, कारण ते आजही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दोन-चार वकिलांच्या ऑफिसांत रोज म्हटलं जातं. घरून काम मागणाऱ्या ज्युनिअरला, बाळंतपणानंतर परत येऊ पाहणाऱ्या मुलीला, जतहून रोज दोन-अडीच तास येणाऱ्या पोराला हेच वाक्य ऐकवतात. गोपनीयता म्हणजे आमच्या धंद्यात हजेरीला नेसवलेलं सोवळं आहे. साहेबांना समोर डोकी दिसायला हवी असतात. 'मला डोकी दिसायला हवीत' असं म्हणायची लाज वाटते, म्हणून 'अशिलाची गोपनीयता' म्हणायचं.

ही गोपनीयता आहे तरी काय? ती साहेबांची इस्टेट नाही, अशिलाची आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ पासून पुढे ती होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि हे बंधन वकिलाच्या कारकुनावर नि नोकरांवरही आहे. अण्णा त्यात बसतात. झेरॉक्सवाला कुठे बसतो? टायपिंगवाल्याच्या शेजारचा जीमेलवाला कुठे बसतो? हा प्रश्न मी एकदा साहेबांना विचारला होता. ते म्हणाले, "तो आपलाच माणूस आहे." कायद्यात 'आपला माणूस' नावाची तरतूद नाही.

मग २०२० आलं. ६ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दूरचित्रसंवादाने सुनावणीचे निर्देश दिले आणि वकिली रातोरात घरात शिरली. राजस्थान उच्च न्यायालयात एक वकीलमहाशय बनियनवर हजर झाले आणि देशभर हशा पिकला. बनियनवर आपण सगळे हसलो. पण त्याच महिन्यांत सबंध वकिली व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन बसली, त्यावर कोणी हसलं नाही, कोणी रडलंही नाही. घटस्फोटाचे अर्ज, वैद्यकीय दाखले, बँकेची खाती, सगळं मुलांच्या शाळेच्या गृहपाठाच्या ग्रुपशेजारी. ज्यांच्या ऑफिसातून फाईल बाहेर जात नव्हती, त्यांनीच फायलींचे फोटो काढून आठ-आठ जणांना पाठवले.

मीही पाठवले. दुसऱ्यांचे वाभाडे काढायचे तर आपलं आधी सांगावं.

स्वतःचं ऑफिस थाटून मला जेमतेम सहा महिने झाले होते. पोटगीचं प्रकरण होतं. तडजोडीची बोलणी चालू. माझ्या अशिलाला, एका शिक्षिकेला, मी विचारलं होतं की कमीत कमी किती रकमेवर थांबायचं. तिने रडत रडत एक आकडा सांगितला होता. तो आकडा, त्याची कारणं आणि 'याखाली जायचं नाही' ही ओळ असं टाचण मी रात्री साडेअकराला फोनवर टाइप केलं आणि माझ्या सहकाऱ्याला पाठवलं. सहकारी पाटील. समोरच्या पक्षाचे वकीलही पाटील. आमच्या भागात फोनमध्ये 'प' उघडला की पाटलांचं गावच्या गाव निघतं. मी चुकीचा पाटील दाबला. दोन निळ्या खुणा उमटल्या. मग मी ते पुसलं, म्हणजे 'हा संदेश पुसला आहे' अशी पाटी लावली, पण ती पाटी लागेपर्यंत माणूस वाचून मोकळा झाला होता. ते वकील सज्जन. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणाले, "मॅडम, मी काही वाचलं नाही." त्या दिवशी त्यांची ऑफर माझ्या टाचणातल्या आकड्यापेक्षा बरोबर पाच हजार रुपयांनी जास्त होती. वाचलं नाही म्हणणाऱ्याचं गणित फार चांगलं होतं. मी अशिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला बंद खोलीत सांगितलं होतं." पुढे तिने दुसरा वकील केला, आणि योग्यच केलं.

यातला दोष घरून काम करण्याचा नव्हता. ऑफिसच्या खुर्चीत बसूनही माझं बोट त्याच पाटलावर पडलं असतं.

लंडनमध्ये टकर्स सॉलिसिटर्स नावाची फर्म आहे, फौजदारी बचावात नावाजलेली. ऑगस्ट २०२० मध्ये तिच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. ९,७२,१९१ फायली कुलूपबंद झाल्या, त्यातल्या २४,७१२ कोर्टात दाखल करायच्या कागदपत्रांच्या संचांशी संबंधित. असे ६० संच चोरून इंटरनेटच्या काळ्या बाजारात उघडे टाकले गेले. २०२२ मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने फर्मला ९८,००० पौंडांचा दंड केला. माझे साहेब हे वाचून म्हणतील, "बघ, मी सांगत नव्हतो?" तर साहेब, पुढचंही वाचा. दंड लोक घरून काम करत होते म्हणून झाला नाही. बाहेरून आत यायच्या दाराला पासवर्डाखेरीज दुसरं कुलूप नव्हतं. एका ज्ञात भोकावरचं ठिगळ जानेवारीत उपलब्ध झालं, यांनी ते जूनमध्ये लावलं. साठवलेल्या फायली सांकेतिक केलेल्या नव्हत्या. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरक्षेच्या एका प्राथमिक चाचणीत ही फर्म नापास झाली होती. निकाल हातात असूनही सगळे निवांत बसले होते. साहेबांच्या कपाटात आणि या फर्मच्या सर्व्हरमध्ये मला काही फरक दिसत नाही. दोघांनाही एकाच कुलपावर विश्वास.

आपल्याकडचा कायदाही आता ढिला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. बऱ्याच वकीलमित्रांनी कलम १७ वाचून सुटकेचा निःश्वास टाकला, कारण कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती हाताळली तर बऱ्याच बंधनांतून सूट आहे. दुसऱ्याच्या करारातलं प्रत्येक 'परंतु' शोधून काढणारी ही मंडळी इथलं 'वगळून' वाचायला विसरली. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय करण्याची कलम ८(५) ची जबाबदारी त्या सुटीतून वगळलेली आहे. म्हणजे ती आपल्यावर येतेच. तिच्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. आमच्यासारख्यांना कोणी २५० कोटी लावणार नाही, हे मलाही कळतं. अडीच लाखही पुरेत.

आणि ३१ ऑक्टोबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स काढू लागल्या, तेव्हा न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सांगितलं की वकिलाचं डिजिटल उपकरण हवं असेल तर ते न्यायालयापुढेच हजर करायचं, पक्षकार आणि वकील यांच्या समक्ष उघडायचं, इतर अशिलांची गोपनीयता सांभाळायची. देशाचं सर्वोच्च न्यायालय माझ्या फोनभोवती एवढा कडेकोट पहारा बसवतं. आणि आम्ही? स्क्रीन फुटली की तोच फोन स्टँडसमोरच्या दुरुस्तीच्या टपरीवर देतो, पॅटर्न चिठ्ठीवर काढून देतो आणि वर सांगतो, "संध्याकाळी नेतो, घाई नाही."

त्या पाटील प्रकरणानंतर मी ठरवलं. ऑफिस चौघांचं: आम्ही तीन वकील आणि अण्णा. (हो, तेच अण्णा. पुरानंतर साहेबांनी पगार थकवला, ते माझ्याकडे आले.) पहिल्यांदा एक विक्रेता बोलावला. टाय, बॅग, चकचकीत पत्रक. पत्रकावर समुद्रकिनारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली एक बाई. त्या लॅपटॉपच्या कळांत वाळू गेली तर काय, हे पत्रकात नव्हतं. 'कुठूनही काम करा, लवचिकता अनुभवा.' दीड तास बोलला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तुमचा मुख्य पासवर्ड मला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, सेटिंग करून देतो." मी त्याला चहा पाजून रवाना केलं.

मग मिरजेच्या एका पॉलिटेक्निकच्या मास्तरांना रविवारी बसवून जे केलं ते अगदी साधं आहे. ऑफिसचं काम फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर; ज्या संगणकावर घरची पोरं गेम खेळतात त्यावर नाही. लॅपटॉपची सबंध डिस्क सांकेतिक, म्हणजे एसटीत चोरीला गेला तर चोराला लॅपटॉप मिळेल, पोटगीचा आकडा मिळणार नाही. प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि पासवर्डानंतर दुसरी पायरी: फोनवरच्या अ‍ॅपमधला दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा आकडा. प्रत्येक प्रकरणाचा वेगळा कप्पा, ज्याचं काम त्यालाच किल्ली. धनादेशाचे खटले बघणाऱ्या मुलाला घटस्फोटाच्या फायली दिसतच नाहीत. कोणी कोणता कागद किती वाजता उघडला याची नोंद आपोआप होते. साहेबांच्या कपाटाने अशी नोंद कधी ठेवली होती? कागद आता पाठवायचा नसतो. नाव घालून दुवा द्यायचा, त्या माणसाने ओळख पटवल्याशिवाय तो उघडत नाही, आणि चुकीच्या पाटलाला गेला तर परत काढून घेता येतो. फोन हरवला की ऑफिसातून त्याचं दार बंद. आणि सगळ्याची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर, बँकेच्या लॉकरमध्ये. तिजोरी वरच्या मजल्यावर आहे ना, हे मी आधी पाहून घेतलं. पूर आम्ही पाहिला आहे.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर मीही त्या टायवाल्यातच जमा होईन. तिसऱ्या महिन्यात मास्तर म्हणाले, एकदा ती डिस्क लावून एखादी फाईल परत आणून बघा. बघितलं. डिस्क रिकामी. तीन महिने दर आठवड्याला आम्ही मोठ्या भक्तिभावाने रिकामी डिस्क लॉकरमध्ये ठेवत होतो. तेव्हापासून महिन्यातून एकदा एक फाईल परत आणून बघणं हे अण्णांचं काम. वय एकसष्ट. त्यांना हे जमणार नाही असं आम्हा तिघांनाही वाटत होतं. अण्णा म्हणाले, "ताई, किल्ली कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हेच मी चाळीस वर्षं करतोय." आता ई-फायलिंगच्या टेबलावर कोणी 'मॅडमचा ओटीपी सांगा' म्हटलं, तर अण्णा त्याला अख्ख्या व्हरांड्यात ऐकू जाईल असं झापतात.

त्यातून काय मिळालं? आमच्यातला एक जण आता आठवड्यातले चार दिवस कोल्हापूरला असतो, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच तिथे सुरू झालं. मागच्या महिन्यात कोर्टाने जुन्या वाटणीपत्रातली एक चतुःसीमा विचारली. कागद सांगलीतल्या कपाटात. त्याने उभ्या उभ्या तो पडद्यावर उघडला. पूर्वी एवढ्यासाठी तारीख पडली असती, आणि अशिलाचा एक हेलपाटा. आमची ज्युनिअर सात महिन्यांचं बाळ घेऊन मिरजेत असते. दुपारी बाळ झोपलं की लिहिते, आणि साडेपाचनंतर मी तिला काहीही पाठवत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. कारण साहेबांचा एक नवा अवतारही निघाला आहे: 'घरूनच आहेस ना, मग जरा बघ' म्हणत रात्री अकराला आणि रविवारी सकाळी सातला संदेश टाकणारा. हे लवचिकता म्हणतात तेव्हा ज्युनिअरचा कणा त्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

मग ऑफिस मोडीत काढलं का? नाही. त्याचं कारण मला एका अशिलानेच शिकवलं. छळाचं प्रकरण. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "यायची तसदी नको, व्हिडिओवर बोलू." ती पडद्यावर आली, हसून 'हो, बरं आहे' एवढंच म्हणत राहिली. दहा मिनिटांनी लक्षात आलं की पडद्याच्या कडेला दिसतोय तो सासूचा पदर आहे. आमची सगळी सांकेतिक कुलपं माझ्या टोकापाशी मजबूत होती आणि तिच्या टोकाला दारच नव्हतं. तेव्हापासून अशा बायकांना पहिला प्रश्न 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असा विचारते, आणि दुसरा: "उद्या बाजाराच्या निमित्ताने ऑफिसला येता येईल?" ऑफिस आहे ते तिच्यासाठी. बंद होणारं एक दार, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या. माझ्या ज्युनिअरने तिथे दहा ते आठ बसून माझा अहंकार जोपासावा, यासाठी नाही.

हे सगळं मी गेल्या महिन्यात वकिलांच्या एका बैठकीत बोलले. तरुण मुलं मान हलवत होती. मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ म्हणाले, "मॅडम, हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या फर्मचं. आपण साधी माणसं." साध्या माणसांच्या अशिलांची गुपितंही साधी असतात, असा त्यांचा समज असावा. शेवटी ठरलं की मी प्रस्ताव लेखी द्यावा. तीन प्रतींत.

ऑफिसचा प्रिंटर नेमका त्या दिवशी बंद. घाई होती, म्हणून प्रस्ताव पेनड्राइव्हवर घेऊन मीच जुन्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. पोरगा गिऱ्हाइकात होता, म्हणाला, "मॅडम, तुम्हीच उघडा." संगणकासमोर बसले. डेस्कटॉपवर आमच्या जुन्या साहेबांच्या नावाचं फोल्डर. त्याच्या शेजारी एक सुटी फाईल, 'मृत्युपत्र फायनल २', आणि पुढे ज्यांचं नाव, ते गृहस्थ सकाळीच मला भाजी मंडईत मेथीचा भाव करताना भेटले होते. माझा हात माऊसवर तसाच राहिला.

"मॅडम," पोरगा मागून म्हणाला, "काळं-पांढरं काढू का कलर?"